ग्रिडचा काटा काय सांगतो?

हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओ ऑपरेटरच्या टेबलावर दोन लिनिअर ॲम्प्लिफायर, म्हणजे सिग्नलचा आकार न बिघडवता पॉवर वाढवणारी यंत्रं, शेजारीशेजारी आहेत असं समजा. एकात ३-५००झेड या काचेच्या ट्रायोडची जोडी आहे, दुसऱ्यात ४सीएक्स२५०बी हा मुठीत मावणारा सिरॅमिकचा टेट्रोड (दोन्ही व्हॉल्व्हचेच, म्हणजे निर्वात नळ्यांचेच प्रकार). दोन्हींच्या पॅनलवर ग्रिड करंटचं मीटर आहे. मोर्सची की दाबून सलग कॅरिअर, म्हणजे अखंड सिग्नल, सोडला की पहिल्याचा काटा २०० मिलिॲम्पिअरच्या आसपास जातो आणि ऑपरेटर निश्चिंत असतो. दुसऱ्याचा काटा एका मिलिॲम्पिअरने हलला तरी हात ताबडतोब ड्राइव्हच्या, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलच्या, नॉबकडे गेला पाहिजे.

व्हॉल्व्हच्या नादाला नव्याने लागलेल्या प्रत्येकाला इथे प्रश्न पडतो: ग्रिड करंट चांगला की वाईट? मीटर फक्त आकडा दाखवतं. त्या आकड्याचा अर्थ ठरतो तो व्हॉल्व्ह कोणत्या क्लासमध्ये आणि कोणत्या जोडणीत चालवला आहे यावरून. परवान्याच्या परीक्षेसाठी आपण क्लास ए, बी, सी यांच्या व्याख्या पाठ करतो आणि ग्रिड करंटचा विषय दोन ओळींत उरकतो. माझ्या मते शिकण्याचा क्रम उलटा हवा. ग्रिड कधी करंट ओढते आणि का ओढते, हे एकदा नीट समजलं की क्लास वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

जाळी, इलेक्ट्रॉन आणि शून्याची रेघ

व्हॉल्व्हच्या आत निर्वात पोकळी असते. मधोमध कॅथोड, तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. बाहेरच्या बाजूला प्लेट, तिच्यावर शेकडो किंवा हजारो व्होल्टचा पॉझिटिव्ह दाब. इलेक्ट्रॉन प्लेटकडे धावतात आणि करंट वाहतो. १९०४ साली फ्लेमिंगने केलेला डायोड एवढाच होता. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने कॅथोड आणि प्लेट यांच्यामध्ये तारेची एक जाळी घातली. हीच ग्रिड. कॅथोडच्या अगदी जवळ असल्यामुळे तिच्यावरचे थोडेसे व्होल्टसुद्धा प्लेटच्या हजारो व्होल्टना भारी पडतात.

कॅथोडच्या तुलनेत ग्रिड निगेटिव्ह असेल तर ती इलेक्ट्रॉनांना मागे ढकलते. जे इलेक्ट्रॉन तरीही पुढे जातात, ते तारांच्या मधल्या फटींतून निसटतात. तारेवर कुणी उतरत नाही, कारण तारही निगेटिव्ह आणि इलेक्ट्रॉनही निगेटिव्ह. म्हणून ग्रिडच्या सर्किटमध्ये करंट शून्य. करंट नाही म्हणजे पॉवरही लागत नाही. ग्रिडवर फक्त व्होल्टेज हलवायचं आणि तिकडे प्लेटच्या सर्किटमध्ये शेकडो वॉट हलतात. व्हॉल्व्हची खरी जादू ही आहे, आणि ती शून्य व्होल्टच्या रेघेपर्यंतच टिकते.

रेघ ओलांडून ग्रिड पॉझिटिव्ह झाली की चित्र बदलतं. आता ती इलेक्ट्रॉनांना खेचते. प्लेट करंट आणखी वाढतो, पण काही इलेक्ट्रॉन प्लेटपर्यंत न जाता ग्रिडच्या तारांवरच आदळतात. ग्रिड आणि कॅथोड मिळून जणू एक छोटा डायोड सुरू झाला. दोन गोष्टी एकदम घडतात. एक, ज्या ड्रायव्हरला, म्हणजे ग्रिडला सिग्नल पुरवणाऱ्या आधीच्या टप्प्याला, आतापर्यंत काहीच ओझं नव्हतं, त्याच्यावर अचानक लोड येतो. दोन, आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे ग्रिडच्या बारीक तारा तापू लागतात. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

क्लास म्हणजे जागेपणाचा हिशेब

सिग्नल नसताना ग्रिडवर जे स्थिर निगेटिव्ह व्होल्टेज ठेवलेलं असतं, त्याला बायस म्हणतात. सिग्नल या बायसच्या भोवती वर-खाली झुलतो. बायस कुठे ठेवला यावर ठरतं की सिग्नलच्या एका पूर्ण फेऱ्यात, म्हणजे ३६० अंशांत, व्हॉल्व्ह किती वेळ जागा राहील, म्हणजे प्लेट करंट वाहू देईल.

क्लास ए मध्ये तो पूर्ण ३६० अंश जागा असतो. आवाज शुद्ध, पण सिग्नल असो वा नसो, प्लेट सतत तापत राहते. कार्यक्षमता कागदावरच ५० टक्क्यांच्या वर जात नाही, प्रत्यक्षात बरीच कमी. ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्यात म्हणून हा क्लास सहसा दिसत नाही.

क्लास बी मध्ये बायस इतका निगेटिव्ह ठेवतात की सिग्नल नसताना प्लेट करंट जवळजवळ बंद होतो आणि व्हॉल्व्ह फक्त पॉझिटिव्ह अर्ध्या फेऱ्यात, १८० अंश, वाहतो. कागदावरची कार्यक्षमता ७८.५ टक्के. एबी हा या दोघांच्या मधला: थोडा करंट कायम वाहता ठेवायचा, म्हणजे लहान सिग्नल स्वच्छ जातात आणि मोठे सिग्नल आले की बी सारखी बचत होते. एसएसबीचे (सिंगल साइडबँड, आवाज पाठवण्याची पद्धत) बहुतेक लिनिअर एबी मध्ये चालतात आणि साधारण ५५ ते ६५ टक्के कार्यक्षमता देतात. क्लास सी मध्ये व्हॉल्व्ह अर्ध्या फेऱ्याहूनही कमी वेळ जागा असतो, छोटे-छोटे ठोके देतो, आणि ७० टक्क्यांच्या पुढे सहज जातो.

इथे एक शंका हमखास येते. ऑडिओ ॲम्प्लिफायरमध्ये क्लास बी साठी दोन व्हॉल्व्ह लागतात, एक वरच्या अर्ध्यासाठी आणि एक खालच्या. मग रेडिओच्या फायनलमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यात, एकच व्हॉल्व्ह कसा चालतो? उरलेला अर्धा फेरा कोण देतं? तो देतो प्लेटला जोडलेला टँक, म्हणजे कॉइल आणि कंडेन्सरचं ट्यून केलेलं सर्किट. झोपाळ्याला प्रत्येक फेरीत एकदाच, योग्य वेळी ढकललं तरी तो पुढे आणि मागे पूर्ण झुलतो. टँकही तसाच, अर्ध्या फेऱ्याच्या धक्क्यावर पूर्ण साइन वेव्ह झुलवतो. धक्क्यांमुळे निर्माण होणारी दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीची हार्मोनिक्स तो बऱ्याच अंशी गाळून टाकतो.

पण टँक सगळंच गाळू शकत नाही, आणि एसएसबीत क्लास सी का चालत नाही याचं उत्तर इथेच आहे. १४.२०० मेगाहर्ट्झवर यूएसबीमध्ये (अपर साइडबँडवर) ७०० आणि १९०० हर्ट्झचे दोन सूर एकदम सोडले असं धरा. हवेत १४.२००७ आणि १४.२०१९ या दोनच फ्रिक्वेन्सी जायला हव्यात. ॲम्प्लिफायर सरळ रेषेत चालत नसेल तर हे दोन सूर एकमेकांत मिसळून १४.१९९५ आणि १४.२०३१ वर नवीन सिग्नल तयार होतात, मग १४.१९८३ आणि १४.२०४३ वर, आणि असेच पुढे. हे मूळ सिग्नलच्या इतके लगत असतात की कोणताही टँक त्यांना वेगळं काढू शकत नाही. शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर कुणी दूरचं क्षीण स्टेशन ऐकत असेल तर त्याच्या कानात आपला स्प्लॅटर, म्हणजे असा बाजूला पसरलेला कचरा, जातो. सीडब्ल्यू (मोर्स) आणि एफएम यांत आकार जपण्याची गरज नसते, सिग्नल एक तर पूर्ण आहे किंवा नाही, म्हणून तिथे क्लास सी बिनधास्त चालतो.

१ आणि २: छोटा आकडा, मोठा फरक

क्लासच्या नावापुढे कधीकधी एक आकडा असतो: एबी१, एबी२. १ म्हणजे संपूर्ण फेऱ्यात कुठल्याही क्षणी ग्रिड करंट वाहत नाही. २ म्हणजे फेऱ्याच्या काही भागात वाहतो. व्याख्या एवढीच. पण डिझाइनच्या दृष्टीने ही दोन वेगळी घराणी आहेत.

४सीएक्स२५०बी घेऊ. एबी१ मध्ये २००० व्होल्ट प्लेटवर आणि ३५० व्होल्ट स्क्रीनवर (टेट्रोडमधल्या दुसऱ्या जाळीवर) असताना त्याचा बायस सुमारे उणे ५५ व्होल्ट ठेवतात. सिग्नलचं शिखर ५० व्होल्टचं असेल तर ग्रिड जास्तीत जास्त उणे ५ पर्यंत वर येते. रेघेच्या अलीकडेच. ग्रिड करंट शून्य, ड्रायव्हरवर व्हॉल्व्हचं ओझं शून्य. मग ड्रायव्हरला ५० ओहमचा लोड दिसावा म्हणून ग्रिडवर सरळ ५० ओहमचा रोधक लावतात. ५० ओहमवर ५० व्होल्टचं शिखर म्हणजे २५ वॉट. सगळी पॉवर त्या रोधकात उष्णता होऊन जाते आणि व्हॉल्व्हला फक्त व्होल्टेज मिळतं. हे वाया जाणं मुद्दाम आहे. रोधकाचा लोड कायम तोच राहतो, त्यामुळे ड्रायव्हरही शांतपणे काम करतो.

आता याच ॲम्प्लिफायरला १०० वॉटचा रिग, म्हणजे हॅमचा रेडिओ सेट, पूर्ण पॉवरने जोडला तर? ५० ओहमवर १०० वॉट म्हणजे १०० व्होल्टचं शिखर. उणे ५५ पासून १०० वर, म्हणजे ग्रिड अधिक ४५ व्होल्टपर्यंत जाऊ पाहते. पण तिथपर्यंत ती जात नाही. शून्य ओलांडताच ग्रिड-कॅथोडचा डायोड चालू होतो, ड्रायव्हरवर एकदम भार पडतो आणि शिखर चेपलं जातं. ऑसिलोस्कोपवर एसएसबीच्या लाटांचे माथे सुरीने कापल्यासारखे सपाट दिसतात. हेच फ्लॅट-टॉपिंग, आणि वर सांगितलेल्या नको त्या फ्रिक्वेन्सी इथूनच निघतात. शिवाय ४सीएक्स२५०बीच्या कंट्रोल ग्रिडला उष्णतेची मुभा फक्त २ वॉटची आहे. म्हणून या ॲम्प्लिफायरच्या ग्रिड मीटरवर अर्ध्या मिलिॲम्पिअरची हालचालसुद्धा धोक्याचा इशारा असते. तिथे मीटर लावलेलंच असतं ते काटा हलू नये म्हणून.

बायसच्या पुरवठ्याचंही असंच आहे. एबी१ मध्ये ग्रिड करंटच नसल्यामुळे बायस एखाद्या मोठ्या रोधकातून दिला तरी बिघडत नाही. पण चुकून करंट वाहू लागला तर? १० किलोओहमच्या रोधकातून २ मिलिॲम्पिअर म्हणजे २० व्होल्टची भर. उणे ५५ चा बायस बोलता बोलता उणे ७५ होतो, व्हॉल्व्ह क्लास सी कडे घसरतो, लहान अक्षरं गिळली जातात, आणि समोरचा म्हणतो, "ऑडिओ तुटतोय." एबी२ साठी म्हणूनच कमी अंतर्गत रोधाचा, दाबला तरी न हलणारा बायस पुरवठा लागतो आणि ड्रायव्हरही दणकट लागतो.

या इशाऱ्याचा एक सुंदर उपयोग जुन्या रिगमध्ये केलेला आहे. १९५९ च्या कॉलिन्स केडब्ल्यूएम-२ मध्ये फायनलला ६१४६ ची जोडी एबी१ मध्ये चालते. आवाजाच्या शिखरावर ग्रिड करंटची पहिली चाहूल लागताच ते चिन्ह पकडून आधीच्या टप्प्यांचा गेन कमी केला जातो. यालाच आपण एएलसी (ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोल) म्हणतो. ऑपरेटरचं लक्ष मीटरकडे नसलं तरी सर्किटचं असतं. कमी पॉवरवर सेट केलेले काही आधुनिक रिग मात्र की दाबताक्षणी पूर्ण पॉवरचा एक झटका देतात आणि एएलसी भानावर येईपर्यंत तो ग्रिडपर्यंत पोचलेला असतो. एबी१ टेट्रोडच्या आधी सिग्नल ठरावीक डेसिबलने कमी करणारा ॲटेन्युएटर कायमचा बसवणं हा त्यावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय, असं माझं स्पष्ट मत आहे.

८०७ चं जग: करंटमधूनच बायस

आता अगदी उलटं टोक. १९३६ साली अमेरिकेच्या आरसीए कंपनीने काढलेला ८०७ हा बीम टेट्रोड दुसऱ्या महायुद्धात लष्करी सेटमध्ये लाखोंनी वापरला गेला आणि युद्धानंतर भंगारातून जगभरच्या हॅमच्या हाती आला. भारतातल्या कितीतरी घरगुती सीडब्ल्यू आणि एएम ट्रान्समीटरचा फायनल हाच होता. जुन्या मंडळींच्या तोंडी त्याचं नाव आजही घरच्या माणसासारखं येतं.

८०७ क्लास सी मध्ये चालवताना ग्रिड करंट हवाच असतो. शिखराच्या क्षणी ग्रिड शून्याच्या वर ढकलली जाते, काही इलेक्ट्रॉन उचलते, आणि ते ग्रिड आणि जमिनीमधल्या रोधकातून वाट काढतात. या रोधकाला ग्रिड-लीक म्हणतात. समजा तो १५ किलोओहमचा आहे आणि सरासरी ३ मिलिॲम्पिअर वाहतोय. ३ गुणिले १५ म्हणजे ४५ व्होल्ट, आणि दिशा अशी की ग्रिड निगेटिव्ह होते. म्हणजे बायस वेगळा पुरवावाच लागला नाही, सिग्नलने स्वतःचा बायस स्वतः तयार केला. ड्राइव्ह थोडा वाढला तर बायसही वाढतो, कमी झाला तर कमी होतो. सर्किट स्वतःला सावरून घेतं.

ट्यूनिंगही या मीटरवरच होतं. ड्रायव्हरच्या टप्प्याचा कंडेन्सर फिरवत जायचं आणि फायनलचा ग्रिड करंट कुठे जास्तीत जास्त होतो ते पाहायचं. काटा हललाच नाही तर ऑसिलेटर चालू नाही, किंवा चुकीच्या बँडवर आहे, किंवा मधली कपलिंग तुटली आहे. या सेटमध्ये शून्य करंट ही वाईट बातमी असते.

आणि ती किती वाईट आहे याचा विचार करा. ऑसिलेटरचा क्रिस्टल बंद पडला, ड्राइव्ह गेला. ग्रिड करंट गेला, म्हणजे रोधकावरचे ४५ व्होल्ट गेले. बायस शून्य. प्लेटवर सहाशे-सातशे व्होल्ट आहेतच. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा पडतो, प्लेट काही क्षणांत लाल होते, आणि २५-३० वॉट उष्णता सोसणाऱ्या ८०७ वर त्याच्या कितीतरी पट भार येतो. यासाठी शहाणे लोक ग्रिड-लीकच्या जोडीला थोडा स्थिर बायस ठेवतात, किंवा ड्राइव्ह जाताच स्क्रीनचं व्होल्टेज खाली ओढणारा क्लॅम्प व्हॉल्व्ह लावतात. फक्त ग्रिड-लीकवर विसंबलेला फायनल मी तरी कुणाला बांधायला सांगणार नाही.

ग्राउंडेड ग्रिड: पॉवरच्या वाटेतली ग्रिड

आता सुरुवातीच्या ३-५००झेडकडे. हा ट्रायोड आणि त्याचा धाकटा भाऊ शोभेल असा ८११ए, दोन्ही हाय-म्यू प्रकारचे आहेत. त्यांची ग्रिड इतकी दाट विणलेली असते की ग्रिडवर शून्य व्होल्ट असतानाही प्लेट करंट आटोक्यात राहतो. वेगळा बायस पुरवठा लागत नाही किंवा पाचेक व्होल्टचा झेनर डायोड पुरतो. ग्रिड सरळ चॅसिसला जोडायची आणि सिग्नल कॅथोडला द्यायचा. अमेरिकेत १९७० च्या दशकात घराघरांत किटवरून जोडला गेलेला हीथकिट एसबी-२२० असाच आहे, दोन ३-५००झेडचा. कॉलिन्स ३०एल-१ मध्ये चार ८११ए.

सुरुवातच शून्य बायसपासून असल्यामुळे कॅथोड खाली झुलला की त्याच्या तुलनेत ग्रिड लगेच पॉझिटिव्ह होते. ग्रिड करंट इथे डिझाइनचाच भाग आहे. ३-५००झेडला २५०० व्होल्टवर पूर्ण ड्राइव्हला प्लेट करंट ४०० मिलिॲम्पिअरच्या घरात असताना ग्रिड करंट साधारण १२० असतो, म्हणजे ढोबळमानाने तिनास एक. ड्राइव्हसाठी काही डझन वॉट लागतात, जे १०० वॉटचा रिग आरामात देतो. त्यातली बरीचशी पॉवर वायाही जात नाही, कारण ड्रायव्हर आणि फायनल एकामागोमाग जोडलेले असल्यामुळे ती थेट अँटेनाकडे पोचते. रिग आणि ॲम्प्लिफायर यांचं हे जमणं पाहूनच ग्राउंडेड ग्रिड हॅमच्या जगात इतकी रुजली असावी.

इथे मीटरचा खरा धडा आहे आणि तो सावकाश समजून घेण्यासारखा आहे. ग्रिड जेव्हा सर्वात जास्त पॉझिटिव्ह असते, नेमक्या त्याच क्षणी प्लेटचं व्होल्टेज सर्वात खाली आलेलं असतं. कारण उघड आहे: त्या क्षणी प्लेट करंट सर्वाधिक, आणि टँक प्लेटला खाली ओढत असतो. लोड बरोबर असेल तर २५०० व्होल्टची प्लेट समजा ४०० पर्यंत खाली येते, आणि ग्रिड त्या क्षणी कॅथोडच्या वर शंभरेक व्होल्ट असते. प्लेटचं आकर्षण अजूनही जास्त आहे, म्हणून बहुतेक इलेक्ट्रॉन तिच्याकडे जातात, थोडे ग्रिडवर पडतात. तिनास एक हे प्रमाण असं येतं.

आता लोड हलका झाला, म्हणजे पाय (π) नेटवर्कचा, आउटपुटच्या टँकचा, लोड कंडेन्सर गरजेपेक्षा जास्त मिटलेला राहिला, तर टँकवरचं व्होल्टेज जास्त झुलतं. प्लेट ४०० ऐवजी १५० पर्यंत खाली उतरते. आता ग्रिड आणि प्लेट जवळपास सारख्याच आकर्षक. इलेक्ट्रॉन जवळच्या ग्रिडकडे वळतात. ग्रिड मीटर भराभर चढतं, प्लेट मीटर उतरतं. ज्याने फक्त प्लेट मीटर पाहिलं तो म्हणेल, "वा, करंट कमी झाला, सगळं ठीक." तिकडे ग्रिड भाजत असते.

उलट लोड फार जड केला, तर प्लेट पुरेशी खाली येतच नाही. ग्रिड करंट कमी, प्लेट करंट भरपूर, आउटपुट मात्र अपेक्षेपेक्षा कमी, आणि फरक सगळा प्लेटमध्ये उष्णता होतो. सिग्नल स्वच्छ असतो, पण काच तापते.

म्हणून असा ॲम्प्लिफायर ट्यून करताना माझी नजर आधी ग्रिडच्या काट्यावर असते. थोड्या ड्राइव्हने सुरुवात करायची. प्लेटचा कंडेन्सर फिरवताना प्लेट करंटचा डिप (घसरण) आणि ग्रिड करंटची उसळी एकाच जागी आली पाहिजे, ते रेझोनन्स. मग ड्राइव्ह वाढवत, लोड उघडत जायचं, आणि प्रत्येक वेळी ट्यून पुन्हा जुळवायचं. पूर्ण ड्राइव्हला आउटपुट जास्तीत जास्त आहे आणि ग्रिड करंट डेटाशीटने सांगितलेल्या जागी आहे, तर लोड बरोबर. त्यानंतर लोड आणखी किंचित जड ठेवला तर ग्रिडही खूश आणि सिग्नलही. हे सगळं काही सेकंदांच्या तुकड्यांत करायचं, सलग की दाबून ठेवायची नाही. आणि हे बाहेरच्या नॉबवरूनच. आत २५०० ते ३००० व्होल्ट साठवलेले कंडेन्सर असतात. बंद केल्यावरसुद्धा ब्लीडरवर (हे कंडेन्सर रिकामे करणाऱ्या रोधकावर) विश्वास न ठेवता, प्लग काढून, वाट पाहून, चॅसिसला जोडलेल्या इन्सुलेटेड काडीने डिस्चार्ज केल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. या व्होल्टेजला दुसरी संधी नसते.

ग्राउंडेड ग्रिडमधला सगळ्यात मोठा धोका मात्र लोडचा नाही. प्लेटचा पुरवठा गेला, एखादा फ्यूज उडाला, आणि रिगमधून ड्राइव्ह चालूच राहिला तर? कॅथोड इलेक्ट्रॉन देतोय, प्लेटला आकर्षण उरलेलं नाही. सगळेच्या सगळे इलेक्ट्रॉन ग्रिडवर. ३-५००झेडची ग्रिड २० वॉट सोसते, ती काही काळ तग धरेल. पण ३सीएक्स८००ए७ सारख्या सिरॅमिक ट्रायोडची ग्रिड अवघी ४ वॉटची, करंटची मर्यादा ६० मिलिॲम्पिअर. इथे माणसाचा हात पोचेपर्यंत ग्रिडच्या बारीक तारा गेलेल्या असतात. म्हणून अशा ॲम्प्लिफायरमध्ये ग्रिड ट्रिप असलाच पाहिजे. सर्किट साधं आहे: ग्रिडच्या परतीच्या वाटेत १० ओहमचा रोधक. ६० मिलिॲम्पिअर वाहिले की त्यावर ०.६ व्होल्ट येतात, तेवढ्याने सिलिकॉन ट्रान्झिस्टर चालू होतो आणि रिले ॲम्प्लिफायरला बायपासवर टाकतो. महागड्या व्हॉल्व्हचं रक्षण दहा-वीस रुपयांचे सुटे भाग करतात.

काटा शून्याच्या खाली गेला तर

मीटरचा तिसरा अर्थ फारसा कुणी सांगत नाही. एबी१ च्या सेटमध्ये ड्राइव्ह शून्य असताना, फक्त बायस आणि प्लेट व्होल्टेज चालू असताना, ग्रिडचा काटा कधीकधी शून्याच्या डावीकडे झुकतो. उलट्या दिशेचा करंट.

याची मुख्य कारणं दोन. एक, व्हॉल्व्हमधला निर्वात बिघडलाय. आत शिरलेल्या वायूच्या अणूंवर इलेक्ट्रॉन आदळून पॉझिटिव्ह आयन तयार होतात आणि ते निगेटिव्ह ग्रिडकडे धावतात. दोन, ग्रिड पूर्वी कधीतरी अतितप्त झाली आहे, किंवा कॅथोडचा लेप उडून तिच्यावर बसलाय, आणि आता ती स्वतःच इलेक्ट्रॉन सोडू लागली आहे. दोन्हींत करंट बायसच्या रोधकातून उलटा जातो आणि बायस कमी निगेटिव्ह करतो. प्लेट करंट वाढतो, व्हॉल्व्ह आणखी तापतो, वायू किंवा उत्सर्जन आणखी वाढतं, बायस आणखी घसरतो. डेटाशीटमध्ये ग्रिडच्या सर्किटमधल्या रोधाला कमाल मर्यादा दिलेली असते ती या साखळीसाठीच: रोध जितका कमी, तितका तोच उलटा करंट बायसला कमी हलवू शकतो.

बरीच वर्षं कपाटात पडून असलेला ६१४६ किंवा ४सीएक्स२५०बी सेटमध्ये बसवताना आधी काही तास फक्त हीटर चालू ठेवावा. सिरॅमिक व्हॉल्व्हला त्या वेळीही हवेचा झोत हवाच. मग प्लेट व्होल्टेज शक्य असेल तर कमी करून द्यावं, आणि ड्राइव्ह न देता ग्रिडच्या काट्याकडे पाच मिनिटं पाहत बसावं. ३-५००झेडचं तंत्र वेगळं. त्याच्या प्लेटवरचा लेपच उरलासुरला वायू शोषून घेतो, पण त्यासाठी प्लेट गरम व्हावी लागते. चालताना ती मंद लालसर दिसणं हे त्या व्हॉल्व्हचं नेहमीचं रूप आहे. ६१४६ किंवा ८०७ सारख्या काचेच्या व्हॉल्व्हमध्ये तोच लाल रंग दिसला तर स्विच बंद करायचा.

उलटा करंट व्हॉल्व्ह तापेल तसा कमी होत गेला तर वायू शोषला जातोय, आणखी काही तास द्यायला हरकत नाही. वाढत गेला तर तो व्हॉल्व्ह फायनलमधून काढावा.